मशीनला पाणी लागलं तेव्हा

बाभुळगावकडच्या आमच्या वावरात नव्या रेल्वेचं स्टेशन होणार आहे. टेकडी कापून रूळ खोलात जाणार, म्हणून आधी जमीन तपासायला मशीन आली. आमच्याकडे जमिनीत शिरणारी मशीन फक्त बोअर मारते, असा सगळ्यांचा पक्का समज. आईनं मशीनला हळदकुंकू वाहून नारळ फोडला. शेजारच्या बाया रिकाम्या घागरी घेऊन धुऱ्यावर, वावराच्या बांधावर बसल्या. हे लोक दगड पाहायला आलेत, असं मी सांगून पाहिलं. कोणी ऐकलं नाही.

दोन दिवस नुसत्या दगडाच्या कांड्या निघाल्या. मशीनसोबत आलेल्या साहेबानं त्या लाकडी पेटीत ओळीनं लावल्या. तिसऱ्या दिवशी भोकात पाणी चढलं, अगदी हात घातला तर बोटं भिजतील इतकं. बायांनी टाळ्या वाजवल्या. साहेबाचं तोंड उतरलं. त्यानं वहीत काहीतरी लिहिलं आणि भोक सिमेंटनं बंद करायला सांगितलं.

"काहून बुजवता बाप्पा?" आईनं विचारलं. "लागलं ना पाणी!"

"म्हणूनच, आई. पाणी असलं की आमचं खोदकाम अवघड होतं."

सिमेंट कालवायला स्वच्छ पाणी लागतं. भोकातलं गढूळ होतं, त्यांच्या टाकीतलंही. साहेबानं आईकडे मागितलं. आमच्याकडे पाण्याला कोणी नाही म्हणत नाही. घरी टँकरनं भरलेला एक ड्रम होता. त्यातल्या दोन बादल्या आईनं स्वतः आणून दिल्या.