सासूबाईंच्या तंबोऱ्याला सी-टाइप पिन

गेल्या रविवारी सोनारीला माझी चांगलीच फजिती झाली. तीही भैरवनाथाच्या सभामंडपात, दोन भजनी मंडळांसमोर... म्हणजे लपवायची सोयच नाही. म्हटलं दुसऱ्या कुणी सांगण्याआधी आपणच लिहून टाकावं.

मी भूमला झेरॉक्सचं दुकान चालवते, हे तुम्हाला माहीत आहे. पण वर्षभरापासून मला एक नवीन खूळ लागलंय... जुन्या वस्तूंची चार्जिंगची पिन काढायची आणि तिथं सी-टाइप बसवायची. नवऱ्याचं ट्रिमर, शेतात न्यायची बॅटरी, मुलीचा स्पीकर, काही म्हणजे काही सोडलं नाही. चार्जरांचा निम्मा गुंता भंगारात दिला आणि आठवडाभर त्याच तोऱ्यात फिरत होते.

आमच्या सासूबाई महिला भजनी मंडळ चालवतात. आठ जणी आहेत, टाळ आहेत, पखवाज आहे. पण पेटी वाजवणाऱ्या वहिनी लेकाकडं पुण्याला राहायला गेल्या, तेव्हापासून सगळा भार एका इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यावर... जेवणाच्या डब्याएवढी वस्तू, बटण दाबलं की सूर लागून राहतो.

त्याचा नऊ व्होल्टचा अडॅप्टर जळाला आणि तसला दुसरा कुठं मिळेना. नेमकी त्याच वेळी मंडळाला सोनारीच्या देवळात पहिल्यांदा भजनाची पाळी मिळालेली. आठ जणींनी एकसारख्या साड्या घेतलेल्या, ब्लाउज शिवून आलेले... आणि सासूबाईंनी सांगून टाकलं, "सुराबिगर जायाचं न्हाय. देवापुढं बेसूर गाण्यापरीस घरी बसल्यालं बरं."

मग काय, मी पुढं झाले. जुनी पिन काढली, सी-टाइपचं सॉकेट बसवलं, पाच व्होल्टचे नऊ करणारं नखाएवढं बोर्ड आत चिकटवलं. मोबाईलच्या चार्जरवर तंबोरा दोन तास अखंड वाजला. देवळात लाइटचा भरवसा नाही, तिथं पॉवर बँकेवर चालवू, असं मी परस्पर ठरवलं... आणि पॉवर बँकेवर एकदाही लावून बघितला नाही.

सोनारीची वानरं ज्यांनी बघितलीत त्यांना वेगळं सांगायला नको. नारळ, पिशवी, चष्मा, दिसेल ते ओढून नेतात. म्हणून पॉवर बँक मी पिशवीत घालून सतरंजीखाली सरकवली, वायर तेवढी बाहेर ठेवली.

गणपतीचं नमन सुरू झालं. अर्धं मिनिट झालं असेल... सूर बंद! मी सतरंजीखाली हात घालून पॉवर बँकेचं बटण दाबलं, सुरू झाला. अर्ध्या मिनिटानं परत बंद.

असं चार वेळा झालं. दोन जणी वरच्या सुरात, तीन जणी खालच्या, बाकीच्या माझ्याकडं बघतायत. पुढची पाळी ज्यांची होती ते पुरुषांचं मंडळ खांबाला टेकून बसलेलं, त्यांच्याकडं चांगली पेटी, आणि त्यातले एक काका मिशीत हसत होते. सासूबाईंनी मात्र माझ्याकडं एकदाही बघितलं नाही... त्याचीच मला जास्त भीती वाटली.

अशात मंडळातल्या कुसुमताईंनी टाळ खाली ठेवून माझ्यापुढं मोबाईल धरला. लोहाऱ्याला दिलेल्या आपल्या लेकीला दाखवायला त्या मधून मधून व्हिडिओ काढत होत्या आणि चार्जिंग संपत आलेलं. मला असा राग आला... इथं माझी अब्रू चाललीय आणि यांना मोबाईलची पडलीय! पण गप लावून दिला, त्याच पॉवर बँकेच्या दुसऱ्या पिनला.

आणि तंबोरा चालू झाला तो थांबेचना. एक अभंग झाला, दुसरा झाला... मला वाटलं कुठंतरी सैल जोड होता, माझ्या हाताच्या धक्क्यानं बसला. खरं सांगते, थोडा तोराही परत आला.

तेवढ्यात लोहाऱ्याहून लेकीचाच फोन आला. कुसुमताई वायर काढून मोबाईल घेऊन बाहेर गेल्या आणि अर्ध्या मिनिटात सूर गप्प! तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तंबोरा इतकी कमी वीज घेतो की पॉवर बँकेला वाटतं, आपल्याला काही जोडलेलंच नाही... आणि ती झोपून जाते. सोबत मोबाईल असला की जागी राहते.

मी सासूबाईंच्या कानात सांगितलं. त्यांनी टाळ तसेच हातात धरून बाहेर आवाज दिला, "कुसुम, फोन ठेव आन् वायर लाव. तुझ्या मोबाईलवर आपला सूर हाय."

अख्खा सभामंडप हसला, ते मिशीवाले काकाही. मग तासभर त्या आठ जणी जे काय गायल्या... शेवटच्या अभंगाला पुरुषांच्या मंडळानंही टाळ धरले. माझे डोळे भरून आले, आणि मी ते पदरानं उघड उघड पुसले.

परत येताना जीपमध्ये सासूबाईंनी विचारलं, नेमकं काय झालं होतं. मी म्हटलं, आई, तंबोरा मागतोच एवढंसं, म्हणून त्याच्याकडं लक्षच जात नाही. त्या खिडकीबाहेर बघत हसल्या, "व्हय... असं हुतंय."

मला काय वाटलं कोण जाणे, मी विचारलं, तुमचं स्वतःचं अजून काही बंद पडलंय का घरात? आधी म्हणाल्या काही न्हाय. मग जरा वेळानं रेडिओ निघाला... मग पाय शेकायची पिशवी... मग उशाशी ठेवायची बॅटरी. आणि भूम आल्यावर, जीपमधून उतरता उतरता, त्यांच्या खोलीतला पंखा. उन्हाळ्यापासून एक नंबरवरच फिरतोय म्हणे.

त्यांची खोली माझ्या खोलीला लागून आहे.