फुगवून मापलेला टायर

माझी मधली मुलगी बोईसरच्या कारखान्यात लागली, तेव्हा आमच्या किनाऱ्यावरून पहिली एसटी निघायच्या आधीच तिची कामाची पाळी सुरू व्हायची. म्हणून जाड टायरची, सरळ हँडलची एक वापरलेली सायकल घेतली. तेव्हा तसल्या सायकली नव्याच निघाल्या होत्या बघा. पण मागचा टायर पार गुळगुळीत. सोमवारी कामाचा पहिला दिवस, आणि वाटेत सायकल अडली तर नोकरी हातची जायची. शनिवारीच मागचं चाक काढून घेऊन आम्ही दोघी एसटीनं बोईसरला गेलो.

निघताना तिनं जाळं विणायची माझी बांबूची पट्टी घेतली. सायकलच्या मागच्या दोन दांड्यांमध्ये टायरला जागा किती, ते तिच्यावर मापून सुरीनं खाच पाडली.

दुकानदारानं जुन्या टायरवरचा आकडा वाचला आणि त्याच आकड्याचा नवा काढून दिला. मी पट्टी लावली. खाचेच्या आत! म्हटलं, "झालं, घे."

"आये, कोरड्या जाल्याचं माप तू कवा धरतेस गो?"

आम्हा कोळ्यांत नवं जाळं भिजवून, ओढून, मगच त्याचं भोक मापतात. कोरड्या मापावर कोणी भरवसा ठेवत नाही. हे तिला मीच शिकवलेलं, आणि पोरीनं ते थेट टायरला लावलं! दुकानदाराला म्हणाली, "चाकावर चढवा, हवा भरा. मग मापू."

"अरे मौसी, समझाओ इसको. नंबर लिखा तो है! मछली थोड़ी है?"

"मासली असती तर कल्ले बघून कवाच घेतली असती," मी म्हटलं.

तोही हसला. कुरकुरत का होईना, त्यानं टायर चढवला. हवा भरली तसा टायर फुगत गेला, आणि पट्टी लावली तर खाचेच्या बाहेर!

"ह्यो दांडीला घासंल. दुसरा दावा," मुलगी म्हणाली.

दुसऱ्यावर आकडा तोच, कंपनी वेगळी. तो फुगवला तरी खाचेच्या बोटभर आतच राहिला. तोच घेतला.

सोमवारी पहाटे ती निघाली. मी दारात कान लावून उभी. घासल्याचा आवाज काही आला नाही, वळणावरून घंटी तेवढी ऐकू आली. पाळी लागायच्या आधी कारखान्यात पोचली माझी पोर!

त्या दिवशी बाजारात मी मासळीची पाटी मांडली आणि येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत सुटले, टायर तिनं फुगवून मापून घेतलाय म्हणून. कोणी विचारलं नव्हतं, तरी.