रुक्मिणीबाईंच्या नावाची डबी

"रुक्मिणीबाई, रिपोर्टमध्ये टीबी आलाय," डॉक्टर म्हणाले. मी बाईंच्या शेजारी उभा होतो. तो आजार माझा होता, आणि ते फक्त मला माहीत होतं.

मी चाकणच्या बाजूला एका संस्थेचा फील्डवर्कर. कामगारांच्या खोल्यांतून फिरायचं, खोकणारे शोधायचे, बेडका तपासायला डबी द्यायची, भरलेली डबी दवाखान्यात पोचवायची. रुक्मिणीबाई परभणीकडच्या. निघोजेत जावेसोबत राहायच्या, कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायच्या. खोकला होता, पण डबी मागितली की "उद्या देते, दादा." चार खेपा झाल्या. महिनाअखेर आली, नमुने कमी पडत होते. खोकत तर मीही होतो, तीन आठवडे. रस्त्याची धूळ, दुसरं काय. त्यांच्या नावाच्या डबीत मीच थुंकलो. निगेटिव्हच येणार, यादीतलं एक नाव मार्गी लागेल, एवढाच हिशोब.

सीबीनॅट पॉझिटिव्ह आली. सीबीनॅट म्हणजे बेडक्यातले टीबीचे जंतू शोधणारी मशीनवरची तपासणी.

"म्या थुकलेच न्हाई त्या डबीत, सायेब!"

डॉक्टर हसले. "सगळे असंच म्हणतात. या दादांना विचारा की."

मी मान हलवली. होकारार्थी.

त्याच दिवशी त्यांच्या गोळ्या सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनच्या ठेकेदाराने घरी बसवलं. तिसऱ्या दिवशी गेलो, तर जावेने त्यांचं ताट वेगळं करून दाराबाहेर ठेवलेलं. मला बसवेना, उभंही राहवेना. गाडी काढली, मोशीपर्यंत गेलो, परत फिरलो, पुन्हा गेलो. चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टरांच्या टेबलासमोर सगळं ओकलो.

त्यांनी खणातून मास्क काढून माझ्यापुढे ठेवला. मग म्हणाले, "आधी मास्क लावा. त्यांच्या गोळ्या आत्ता बंद. आणि त्यांना तुम्ही सांगायचं, मी नाही."

रुक्मिणीबाईंनी ऐकून घेतलं. "खोकत तर तुमीच व्हता. च्या देताना दर खेपेला ऐकायचे मी." मग उठल्या, जावेला आणि शेजारणींना हाक मारली. "आता ह्यांच्यासमोर सांगा."

टीबीची लाज कसली, औषधाने बरा होतो, असं मी शेकडो दारांत सांगितलं होतं. त्या दारात पहिलं वाक्य फुटायलाच वेळ लागला. टीबी मला आहे, ह्यांना नाही. जाऊ म्हणाली, "मोठ्यानं बोला, पलीकडं ऐकू जात न्हाई."

त्यांची खरी तपासणी निगेटिव्ह आली. डॉक्टर म्हणाले, खोकला पिठाच्या धुळीचा. ठेकेदाराकडे मी दोनदा जाऊन आलो. त्याने परत घेतलं नाही. संस्थेने माझं फील्डचं काम काढून घेतलं, ते बरोबरच झालं. माझ्या सहा महिन्यांच्या गोळ्या संपल्या, छातीचा फोटो स्वच्छ आला.

तुम्हाला दोन आठवड्यांवर खोकला असेल तर स्वतःच्या नावाने तपासून घ्या. आणि तुम्ही माझ्यासारखे दारोदार फिरणारे असाल, तर सगळ्यात आधी. रुक्मिणीबाईंनी मला माफ केलेलं नाही. पण चारचौघांत खरं बोलायला त्यांनीच लावलं. माझा इलाज तिथून सुरू झाला असं मी धरतो.