वायर तोरणात, तरी नाव पोचलं

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. कुणी अंगात आल्याचं सांगितलं तर मी आधी त्याला लिंबूपाणी पाजते. तरी हे लिहितेय... कारण अजून उलगडा झालेला नाही.

आम्ही किन्हीराजा या गावी राहतो. घरात मोबाईलला रेंज अजिबात नाही, म्हणून वायरचं इंटरनेट घेतलं. शेजारीपाजारी कुणाकडे वायफाय नाही. माझा पाय मोडलेला, मांडीपर्यंत प्लॅस्टर – आणि नेमकं तेव्हाच बंगळुरूला भावाच्या मुलीचं बारसं! नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि आत्या मी एकटीच. व्हिडिओ कॉलवरूनच बाळाच्या कानात नाव सांगायचं ठरलं.

आणि पोळ्याच्या सकाळपासून नेट गायब. राउटरवर लाल दिवा.

आमचे हे रोज पाण्याच्या टाकीपाशी, रेंजमध्ये उभे राहून कंपनीला फोन करायचे. "सर, राउटर बंद करून चालू करा." एवढंच उत्तर.

"अवो, पन माणूस कधी पाठोता?"

त्यावर मेसेज आला – तक्रार निकाली काढली आहे. मला रडूच कोसळलं.

बारशाच्या दिवशी हे पुन्हा टाकीकडे गेले. मी नवी साडी नेसून, वेड्यासारखी मोबाईल हातात धरून बसले. आणि कॉल वाजला! भाऊ, वहिनी, पाळणा... सगळं लख्ख. एरवी अडकणारं चित्र एकदाही अडकलं नाही. वहिनीनं फोन बाळाच्या कानाशी नेला.

"कुर्रर्र... मैथिली!"

सासूबाईंनी रीतीप्रमाणे माझ्या पाठीत धपाटा घातला. "आता मले पेढा दे," म्हणाल्या. इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

तेवढ्यात हे आले, खांद्यावर काळ्या वायरचं वेटोळं.

"हे पाह्य, आपली वायर! शेजारच्या महादेवकाकानं तोडून पोळ्याच्या तोरणाले बांधली होती. म्हने, रस्त्यावर लोंबून राह्यली होती, मले वाटलं बेवारस हाय."

"मंग मी आता बोलली कशी?"

ह्यांनी वाकून राउटर पाहिला. दिवा लालच होता.

भावाला नंतर दहादा विचारलं. नाव तिथं सगळ्यांनी ऐकलं होतं.

प्लॅस्टर काढायला मालेगावला गेले तेव्हा कंपनीचा फोन आला. सेवेबद्दल समाधानी असाल तर एक दाबा.

"झाप त्यायले चांगलं," हे म्हणाले.

मी एक दाबला. कुणाचे तरी आभार मानायचे होते, आणि दुसरा नंबर माझ्याकडे नव्हता.