गोल झाला की वाकणारा माणूस

आपल्या संघाने गोल केला आणि ओरडायची सोय नसली, तर तुम्ही काय कराल? जावा बेटावरच्या तुबानचा मारवोतो खाली वाकायचा. मासेमारीची जाळी विणणारा हा पन्नाशीचा गडी संघामागे गावोगाव फिरलेला. हाणामाऱ्या थांबवता येईनात, म्हणून फुटबॉल संघटनेच्या साहेबांनी पाहुण्या समर्थकांनाच मैदानबंदी केली. तेव्हापासून तो यजमानांचा हिरवा मफलर घालून त्यांच्यातच बसे.

त्या रविवारी तुबानने गोल केला. आजूबाजूला सगळे चिडीचूप. हसू लपवायला मारवोतो वाकला आणि नाडी बांधायचं सोंग करू लागला.

"ओ काका, रबरी चपलेला नाडी कधीपासून?" मागून एक दांडगा ओरडला.

दहा माना वळल्या. याच मैदानात मागे एकाचं डोकं फुटलं होतं.

शेजारच्या अनोळखी बाईने त्याच्या पाठीत धपाटा घातला. "भावजी आहेत माझे. कंबर धरलीय त्यांची. तू मॅच बघ की!"

माना फिरल्या. मग ती हळूच म्हणाली, "तुमचा अजून एक गोल झाला ना, तर मीच मोडेन तुमची कंबर."

साहेबांपेक्षा त्या बाईला खेळ जास्त कळतो. पुढच्या सामन्याला शेजाऱ्याला त्याचा संघ विचारू नका. जरा सरका आणि त्याला बसू द्या.