डोळ्यातला ठिपका

खाट खिडकीशी ओढली, तरी सुमनच्या डोळ्यांत उजेडाचा ठिपका उमटेना.

चाळीस वर्षं मी फोटो स्टुडिओ चालवला. डोळ्यात तो पांढरा ठिपका नसेल तर चेहरा मातीचा दिसतो. गिऱ्हाइकाला हनुवटी जरा वर घ्यायला सांगायची, मांडीवर थर्माकोलचा पांढरा तुकडा ठेवायचा, की ठिपका हजर. गेलेल्या माणसाचा फोटो मोठा करायला आला, तर डोळ्यातला ठिपका मी बारीक ब्रशने चक्क रंगवायचो. घरची माणसं डोळे पुसत म्हणायची, “आता बोलतील असं वाटतंय.”

इतकी स्वस्त गोष्ट. ठिपका माणसाचा नसतोच, समोरच्या खिडकीचा असतो. हे सगळं ठाऊक असूनही, अर्धांगाच्या झटक्यानंतर दोन महिने गप्प पडलेल्या बायकोपुढे मी आज तोच थर्माकोल धरून वाकलो होतो. ठिपका दिसला तर ती आत कुठेतरी आहे, असं मनाशी धरून बसलो होतो.

“सुमन, बघ ना गं माझ्याकडे. एकदाच.”

मुलगी चहा घेऊन आली आणि दारातच थबकली.

“बाबा, खिडकी तुम्हीच अडवलीय.”

नवशिक्याचीसुद्धा ही चूक मी कधी खपवून घेतली नव्हती. मी खाटेच्या उशाकडे सरकलो. मुलगी आईच्या चेहऱ्यावर वाकली.

“आला, बाबा. दोन्ही डोळ्यांत आला.”

मी उभा होतो तिथून मला फक्त सुमनचे पांढरे केस दिसत होते.