परवानगी मागणारे साळवे सर

चहाच्या किटलीचं चित्र काढायचं असलं, तरी साळवे सर आधी हॉटेलवाल्याची परवानगी मागत. हॉटेलवाला म्हणायचा, "घ्या की काढून, तिला कुठं लाज वाटतीय!" सर मात्र गंभीर. "तिला नाही, तुम्हाला विचारतोय. वस्तू तुमची आहे." आम्ही विद्यार्थी त्यांच्या पाठीमागे हसू दाबत उभे असायचो. कुणाची शेळी, कुणाचा बैल, कुणाच्या दारातलं लिंबाचं झाड, काहीही असो. सर विचारल्याशिवाय कागद बाहेर काढत नसत.

नगरच्या कला महाविद्यालयात ते आम्हाला रेखाटन शिकवायचे. खिशात सदैव कोळशाचे तुकडे, त्यामुळे एकाही शर्टाचा खिसा पांढरा राहिलेला नव्हता. शेवटी बाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, कंटाळून सगळ्या शर्टांना काळे खिसे शिवले. सर तेच शर्ट घालून ऐटीत वर्गावर येत. रविवारी चर्चमधली उपासना आटोपली, की एसटीनं कुठलं तरी खेडं गाठायचं आणि शाळेच्या ओट्यावर जो येईल त्याला चित्र काढायला बसवायचं, हा त्यांचा शिरस्ता. कागद छापखान्यातले, एका बाजूनं कोरे. पुणतांब्याची एक म्हातारी म्हणाली होती, "आमाला कुठलं येतंय, मास्तर?" सर म्हणाले, "मग तुमच्या दारातली रांगोळी कोण घालतं? मी?" म्हातारी बसली, आणि अंधार पडेपर्यंत उठली नाही. पुढे सर विद्यापीठात मोठ्या जागेवर गेले, पण रविवारची एसटी त्यांनी सोडली नाही.

मी कोपरगावची. आमच्याकडे कालव्याचं पाणी आणि ऊस. बहात्तरचा दुष्काळ मी वर्तमानपत्रातच वाचला होता. सर आम्हाला जामखेडकडच्या दुष्काळी कामावर घेऊन गेले, तेव्हा मी शहाणी सहलीला निघाल्यासारखी नवी साडी नेसून गेले. सरांनी एकदा साडीकडे पाहिलं आणि ते पुढे चालू लागले. रस्त्याच्या कडेला बायका रांगेनं खडी फोडत बसल्या होत्या. "आधी जवळ बसा," सर म्हणाले. "बोला त्यांच्याशी. मग विचारा. हो म्हणाल्या तरच कागद."

मी सोनाबाईंजवळ बसले. चाळिशीच्या असतील. घरची चांगली शेती, पण विहिरीनं तळ गाठला आणि त्या कामावर आल्या. मी विचारल्यावर म्हणाल्या, "काढ की. पर नाक नीट काढ, समदं रूप नाकात हाय माजं!"

त्या दिवशी माझ्या हाताला काय झालं होतं कोण जाणे. तसं चित्र मी आधी काढलं नव्हतं, नंतरही नाही. महाविद्यालयाच्या प्रदर्शनासाठी मुंबईहून आलेल्या परीक्षकांनी त्याला पहिला क्रमांक दिला. पहिल्या क्रमांकाला मुंबईच्या कलाशाळेत प्रवेश आणि राहण्याजेवण्याचा सगळा खर्च मिळणार होता. फक्त चित्र रविवारी नगरच्या सभागृहात लागायला हवं होतं. मी घरी पत्रसुद्धा टाकून मोकळी झाले.

सरांनी बोलावून पाठ थोपटली आणि विचारलं, "सोनाबाईंना विचारलंस?"

"काढताना विचारलं होतं की, सर."

"ते काढायला. लावायला विचारलंस?"

मला रडू यायचं बाकी राहिलं. पण सरांपुढे कुणाचं काही चालत नसे. शनिवारी चित्राची गुंडाळी घेऊन आम्ही दोघं जामखेडच्या एसटीत बसलो.

सोनाबाईंनी हात पदराला पुसले आणि चित्र धरलं. "आगं बया! मीच हाय की ही. लई झाक काढलंस, पोरी." माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी विचारलं, "हे कुठं लावनार?"

"नगरला, ताई," सर म्हणाले. "गावातले पुष्कळ लोक बघायला येतील."

त्यांचा चेहराच उतरला. "माजा भाऊ नगरलाच ऱ्हातो. माह्येरी कुनालाच ठावं न्हाई, मी खडी फोडती ते. दिवाळीला गेल्ते, तवा बी सांगितलं न्हाई. आय हाय खाईल." चित्राकडे पाहत त्या पुढे म्हणाल्या, "जरा वंगाळ काढलं आसतंस, तर वळखू तरी आले नसते."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "न्हाई लावलं, तर तुजं काय नुकसान हुतंय का गं?"

मी सरांकडे पाहिलं. ते खाली बघत होते. मी म्हणाले, "नाही."

परतीच्या एसटीत मी ढसाढसा रडले. सर शेजारी चित्राची गुंडाळी मांडीवर धरून बसले होते. रविवारी माझ्या चित्राची जागा दुसऱ्या चित्रानं घेतली आणि त्याच्याबरोबर मुंबईसुद्धा गेली. मी महिनाभर सरांशी बोलले नाही. ते रोज वर्गात माझ्या चित्राच्या फळीजवळ येत, रेघ दुरुस्त करत आणि पुढे जात. नंतर मी कोपरगावच्या शाळेत चित्रकलेची शिक्षिका झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. संसार झाला, सुखही मिळालं. पण मुंबईचं नाव निघालं, की आत काहीतरी टोचायचं.

सर आजारी असल्याचं कळलं, तेव्हा मी नगरला गेले. खूप वाळले होते. बाईंना चहा टाकायला सांगून त्यांनी मला जवळ बोलावलं.

"कमल, त्या दिवशी मी मुद्दाम खाली बघत होतो," ते म्हणाले. "तू हो म्हणाली असतीस, तर त्या बाईनं चित्र लावू दिलं असतं. तिचा स्वभावच तसा होता. मी तुझ्याकडे बघितलं असतं, तर तुला माझ्या भिडेनं नाही म्हणावं लागलं असतं. आणि खरं सांगू? मला तुझ्याकडे बघवतही नव्हतं." जरा दम घेऊन त्यांनी विचारलं, "नुकसान झालं ना गं?"

इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलंच नव्हतं.

"झालं, सर," मी म्हणाले. "फार झालं."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि बाई चहा घेऊन येईपर्यंत सोडला नाही.